बाग-ए-वफा, नववा आठवडा: पाट पुसले, पुन्हा आखले

मागच्या नोंदीनंतर दोन आठवडे झाले. त्यातला एक चित्रात रंगवलेले पाण्याचे पाट ओल्या कुंचल्याने उचलून काढण्यातच गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी नक्कल करतोय ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बाबरनाम्याच्या, म्हणजे बाबराच्या आत्मचरित्राच्या, सचित्र प्रतीतलं, 1590च्या सुमाराचं जोडपान आहे. बाबर जलालाबादजवळची आपली बाग-ए-वफा आखून घेतोय. चित्र बिशनदासचं, चेहरे नन्हाचे. मी फक्त चार वाफ्यांचा भाग घेतलाय.

चूक खाक्यातच, म्हणजे रंगाआधीच्या रेखाटनातच होती. शाळेत शिकलेल्या सवयीने मी पाट दूर जाताना निमुळते केले होते. मूळ चित्रात जमीन वरून पाहिलेली आहे, झाडं आणि माणसं मात्र समोरून. पाट निमुळते केले तशी बाग मागे सरकली आणि चित्र चार माणसांच्या घोळक्याचं होऊन बसलं. रंग सगळे बरोबर असूनही त्यातला दरारा गेला होता, आणि तो कशाने गेला हे मला कळत नव्हतं.

ते कळलं बीबी का मकबऱ्यात. 1660-61मधल्या त्या चारबागेत, म्हणजे पाटांनी चार चौकोनांत विभागलेल्या बागेत, मी मुद्दाम मधल्या पाटाच्या टोकाशी उभा राहिलो. तिथून चौकोन दिसतच नाही. दिसतो तो समोरचा एक पाट आणि दोन्हीकडची झाडं. चार सारखे चौकोन एकदम दिसतात ते नकाशात, म्हणजे बाग करायचा हुकूम देणाऱ्याला. बिशनदासने आपल्याला तिथे नेऊन उभं केलंय. चित्रातल्या वास्तुकाराच्या हातात चौकटी आखलेली पाटी आहे, आणि जमिनीवर तीच चौकट उतरतेय. मागे डोंगर वेडेवाकडे, खडक एकमेकांवर चढलेले; भिंतीच्या आत मात्र सगळं काटकोनात. दोन माळी दोरी ताणून माप घेतायत. ती दोरी मी आधी शेवटी करायचा बारकावा म्हणून ठेवली होती. आता ती पहिल्यांदा आखली, तीन शून्यांच्या बारीक ब्रशने, श्वास रोखून, आणि बाकी सगळं तिच्यावरून लावलं.

बाबराचा स्वतःचा मजकूर शेजारी ठेवून काम करा, फार मदत होते. बाग 1508-09ची. नैऋत्येला दहा बाय दहाचा हौद, भोवती संत्र्याची झाडं, थोडी डाळिंबं. संत्री पिवळी होतात तेव्हा ही जागा सर्वांत देखणी दिसते, असं तो लिहितो. पण मला थांबवलं ते केळीने. लाहोर आणि दिपालपूर घेतलं त्या वर्षी त्याने तिथे केळी आणवून लावल्या, आणि त्या चांगल्या वाढल्या. जिंकलेल्या मुलखाची खूण तो बागेत रोप लावून ठेवतोय! त्याच्या आदल्या वर्षी ऊस लावला होता, तोही लागला.

हे पान रंगवलं गेलं तेव्हा बाबर जाऊन साठ वर्षं झाली होती. 1589मध्ये अब्दुर रहीम खानखानाने बाबरनामा फारसीत आणून अकबराला दिला आणि चित्रकार कामाला लागले. म्हणजे ही नातवासाठी रंगवलेली आजोबांची बाग आहे. दाराबाहेर दूत ताटकळत उभे आहेत आणि बादशहा आधी वाफे बघतोय. अकबराच्या दरबारात हे पाहणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसेल.

आता रंगांचं. बाबराच्या अंगरख्याला पेवडीच्या छटेचा पिवळा दोन हातांत बसला. पानांसाठी जंगाल, म्हणजे तांब्यापासूनचा हिरवा, वापरायचं धाडस केलं नाही, तो कागद खातो. नीळ आणि पिवळा मिसळून हिरवा केला. पाण्यात सफेदा कमी घाला, नाहीतर पाट दुधाचे दिसतात. घोटाईत, म्हणजे चित्र घासून गुळगुळीत करण्यात, मी घाई केली. चित्र काचेवर पालथं घालून मागून अकीकाचा दगड फिरवला, पण डिंक पुरता वाळला नव्हता आणि डाळिंबाच्या झाडाचा एक कोपरा काचेला चिकटून आला. पावसाळी हवेत निदान दोन दिवस थांबा.

पुढच्या आठवड्यात संत्री. मोजली तर बरीच आहेत, आणि प्रत्येकाला लाल हिंगुळाचा एक ठिपका उन्हाच्या बाजूला द्यायचाय.