पुन्हा मालवणच

सोलापूरकरांना समुद्र लांबच. म्हणून स्कूबा डायव्हिंगसाठी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला) सुट्टी ठरली की भावाचा लकडा सुरू होतो, "ताई, यंदा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट करू, तिथलं पाणी जास्त नितळ असतं." त्याचं खरं आहे, एकदा जायलाच हवं. पण माझा जीव मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत अडकलाय. नव्या जागी निम्मं लक्ष पाण्याच्या दाबाने दडे बसणारे कान मोकळे करण्यात आणि श्वासावर जातं. ओळखीच्या पाण्यात कपारीतला मासा निवांत बघता येतो, आणि मला तेच हवं असतं.

अंदमानचं मनात आहेच. फक्त एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबावं लागतं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून मालवणहून घाट चढण्याआधीही मी एक रात्र तिथेच मुक्काम करते.