वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर

मुलाकडे ह्यूस्टनला दोन महिने राहायचं म्हणजे निवृत्त माणसाचं कठीण काम. नातू शाळेत, मुलगा-सून कामावर आणि आम्ही दोघं खिडकीतून खारी मोजतोय. अमेरिकेचा व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे मुलाने सहज सांगितलं आणि माझ्या डोक्यात पस्तीस वर्षांपासून पडून असलेलं एक नाव वर आलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

मी वर्ध्याचा, आयुष्य कृषी खात्यात गेलं. खानखोजेही वर्ध्याचेच. टिळकांच्या काळात पेटलेला हा तरुण अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत होता, पहिल्या महायुद्धात इंग्रजांशी लढायला इराणात गेला, पुढे बर्लिन, मॉस्को असं फिरत १९२४ साली मेक्सिकोत पोचला. परत यायला इंग्रज सरकारने दार बंद केलेलं. मग तिथल्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाला आणि मक्यावर काम करू लागला. अकोल्याला शिकताना आमच्या एका सरांनी हे पाच मिनिटांत सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, "त्याचं चित्र तिकडे सरकारी भिंतीवर आहे." ती भिंत बघायची होती.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. पहिल्या दिवशी मेट्रोचे जिने चढताना बायको तीनदा थांबली, मी चारदा. एक सांगतो, पहिला दिवस नुसता बसून घालवा.

सोकालो, म्हणजे शहराचा मुख्य चौक, तिथून पाच-सात मिनिटं चाललं की शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत लागते. २०२४ पासून तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. दोन मोठी अंगणं, भोवती तीन मजली कमानी आणि जिकडे बघाल तिकडे मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा. १९२३ ते १९२८ ही पाच वर्षं हा माणूस इथे परांचीवर उभा राहून रंगवत होता. खाणीत उतरणारे मजूर, उसाचा चरक, विणकर, कोळी, मृतांचा सण, मक्याचा सण. राज्यक्रांती नुकतीच संपलेली, बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून नव्या सरकारने देशाची गोष्ट भिंतीवर लिहून घेतली. आपल्याकडे चित्रकथी पोथी उलगडून गोष्ट सांगत, तशी ही न मिटणारी पोथी.

आम्हाला हवं होतं ते चित्र सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. 'आपली रोजची भाकरी' असं त्याचं नाव. तिथल्या शब्दात पाव, पण मी भाकरीच म्हणणार. टेबलाभोवती कामकरी माणसं, लेकरं बसलीत, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई आणि मधोमध भाकरी मोडून वाटणारा माणूस. तो माणूस म्हणजे खानखोजे, असं आपल्याकडे सांगितलं जातं.

बायको बराच वेळ बघत राहिली. "अहो, हे आपल्याकडचे वाटतात का?"

खरं सांगायचं तर मलाही नक्की वाटेना. नाक-डोळे मेक्सिकोत मिसळून गेलेले. पण तो भाकरी मोडताना खाली बघतोय, पंगतीत वाढणारा माणूस बघतो तसा. मी तिथल्या पायरीवर पाऊण तास बसलो. रखवालदार दोनदा येऊन गेला, बहुधा तब्येत बरी आहे ना ते बघायला.

आता खानखोजे बाजूला ठेवतो, कारण त्या भिंतीवरून उतरल्यावर मला मक्याने धरलं. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र असतं, आणि 'हामाइका' स्थानकाचं चित्र म्हणजे मक्याचं कणीस. बाहेर पडलो तर फुलबाजार, आणि फुलबाजारात झेंडू. ढीग, भारे, ट्रकच्या ट्रक. दोन नोव्हेंबरला पितरांसाठी घरोघर मांडणी करतात, त्यासाठी. झेंडू मूळचा इथलाच. आपण दसऱ्याला दाराला लावतो, गाडीच्या बोनेटला लावतो आणि त्याला परका म्हणायचं कधी डोक्यातही येत नाही.

बाजाराच्या कडेला एक मावशी मातीच्या चुलीसारख्या शेगडीवर पत्रा ठेवून निळ्या पिठाचे लांबट गोळे थापत होती. त्लाकोयो. आत काळ्या घेवड्याचं पुरण, वर फड्या निवडुंगाची भाजी. हो, आपल्याकडे कुंपणाला असतो तोच निवडुंग, काटे खरवडून, चिरून, उकडून. चव गवार आणि भेंडीच्या मधली, थोडी बुळबुळीत. सोबत दगडी खलातला हिरवा ठेचा. बायकोने दुसरा मागितला, यावरून काय ते समजा.

शेजारच्या पातेल्यात काळं, सुजलेलं काहीतरी शिजत होतं. मी वाकून बघितलं आणि उडालोच. काणी! कणसावर येणारा बुरशीचा रोग. तीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलो की काणी दिसली की कणीस काढा आणि जाळा. इथे त्याला उइत्लाकोचे म्हणतात आणि साध्या कणसापेक्षा जास्त भावाने विकतात. खाल्लं. अळंबीसारखं, मातकट, उत्तम. माझ्या वर्ध्याच्या जुन्या सहकाऱ्यांना फोटो पाठवला तर एकाचं उत्तर आलं, "साहेब, परिपत्रक मागे घ्या."

पण मला खरी चपराक बसली ती चुन्याने. मावशीला फोनमधल्या भाषांतरातून विचारलं, पीठ असं लवचिक कसं? मक्याच्या पिठात आपल्या बाजरीसारखाही चिकटपणा नसतो, भाकरी थापताना कडा फाटतात. ती म्हणाली, चुना. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा, साल निघून जाते, मग ओलाच वाटायचा. पूर्वी पाट्यावर, आता गिरणीत. याला निश्तमाल म्हणतात आणि हे हजारो वर्षं चालत आलंय. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, ही रीत मात्र नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. मी पदवीला हे 'कारण व उपाय' म्हणून पाठ केलं होतं. उपाय एका बाईच्या पातेल्यात रोज रात्री भिजतो, हे माहीत नव्हतं.

बाजारातून निघताना राजगिऱ्याची वडी घेतली. इथे तिचं नाव अलेग्रिया, म्हणजे आनंद. स्पॅनिश लोक येण्याआधी इथले अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि मोडून प्रसाद म्हणून खात. पाद्र्यांना ते मुळीच रुचलं नाही. बायको एकादशी करते. मी तिला यादी मोजून दाखवली: राजगिरा, रताळं, शेंगदाणे, बटाटा, साबुदाणा, हिरवी मिरची. सगळं याच बाजूच्या दोन खंडांतून आलेलं. ती म्हणाली, "मग काय, विठोबाला चालतंय ना?"

मानववंश संग्रहालयात पाच तास घालवले, अझ्टेकांची २४ टनांची कोरीव सूर्यशिळा पाहिली, पाय मोडले. पिरॅमिडही पाहिले. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय.

शेवटचा दिवस चापिंगोसाठी राखला होता. शहराच्या पूर्वेकडच्या मोठ्या बसस्थानकावरून तेस्कोकोची बस, पुढे आपल्या काळीपिवळीसारखी भरलेली कॉम्बी. खानखोजे शिकवत ती शाळा आता विद्यापीठ आहे. जुन्या हवेलीच्या प्रार्थनाघरात रिव्हेराने १९२४ ते १९२७ मध्ये चित्रं काढली, आणि माझ्या मते मंत्रालयापेक्षा ती सरस आहेत. एका चित्रात राज्यक्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता झपाता आणि त्याचा साथीदार मोन्तान्यो लाल कफनात जमिनीखाली निजलेत आणि त्यांच्यावर मका उभा आहे. दुसरीकडे जमीन बाईच्या रूपात पहुडली आहे. तिच्यासाठी तिना मोदोत्ती ही छायाचित्रकार बसली होती. याच तिनाने खानखोज्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटोही काढले. जिन्याजवळ लिहिलंय: इथे जमिनीचं शोषण शिकवतात, माणसाचं नाही. मी तेवढ्याचाच फोटो काढला.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला. तो कुठे आहे हे विचारत आम्ही चांगलाच फेरा मारला. बायकोने पिशवीतून हामाइकाच्या बाजारातला, एव्हाना मलूल झालेला झेंडू काढून पायाशी ठेवला. एक पहारेकरी जवळ येऊन फोनकडे बोट दाखवत काहीतरी विचारू लागला. भाषांतर आलं: तुमचे नातेवाईक का?

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "गाववाले."

फोनने त्याचं स्पॅनिश काय केलं देव जाणे. पहारेकऱ्याने टोपी काढली, तो झेंडू उचलला, थोडं पाणी शिंपडलं आणि परत तिथेच ठेवला.