गोटी थंड होईपर्यंत

माझी पहिली धड काचेची गोटी एक रात्र टिकली. संध्याकाळी ज्योतीतून काढून उष्णतारोधक लोकरीत गुंडाळली होती. सकाळी लोकर उघडली तर आत दोन तुकडे, सुरीने कापावेत तसे. मधल्या वेळात तिला कुणी हातही लावला नव्हता. ती का फुटली हे कळायला पुढचे काही आठवडे गेले, आणि गोटी करायला मी शिकलो ते त्याच आठवड्यांत.

सुरुवात फिरवण्यापासून झाली. टेबलाला घट्ट बसवलेला टॉर्च, म्हणजे काच वितळवायची ज्योत देणारा बर्नर, त्यात प्रोपेन आणि ऑक्सिजन, हातात बोरोसिलिकेट काचेची पारदर्शक कांडी. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं याच काचेची असतात. डोळ्यांवर डिडिमियमचा, म्हणजे पिवळा उजेड गाळणारा चष्मा हवाच. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत इतकी पिवळी पेटते की चष्म्याशिवाय काच कुठे आहे हेच दिसत नाही.

कांडीचं टोक मऊ झालं की ते लगेच खाली ओघळू पाहतं. म्हणून कांडी एका गतीने फिरवत राहायची. मी मात्र थांबायचो. काच कितपत तापली ते बघायला, हात बदलायला. तेवढ्यात गोळा एका अंगाला लोंबायचा, आणि मग त्याला ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून गोल करायची धडपड सुरू व्हायची. शिकवणाऱ्या ताई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “साचा ठेव बाजूला. काचेला गोल व्हायचंच आहे. तू फक्त तिला खाली ओघळू देऊ नकोस.”

खरंच तसं आहे. मऊ काचेचा पृष्ठताण तिला पाण्याच्या थेंबासारखा गोल करत असतो आणि गुरुत्व तिला खाली ओढत असतं. कांडी फिरत राहिली की ही ओढ कुठल्याच एका बाजूला लागत नाही. साचा फक्त शेवटचा हात फिरवायला. तिथेही गोटी जास्त वेळ टेकली, तर ग्रॅफाइट तिचा पृष्ठभाग एकदम गार करतं आणि त्यावर बारीक वळ्या उमटतात. त्या घालवायला परत ज्योतीतच जावं लागतं.

मला गोटीत फूल हवं होतं, आणि या कामातला सगळ्यात सुंदर भाग मला तोच वाटतो. कांडीचं टोक चपटं करून त्याची चकती करायची आणि तिच्या तोंडावर रंगीत काचेचे ठिपके द्यायचे. मी निळे आठ दिले. मग चकतीची कड हळूहळू तापवायची. काच आत गोळा होऊ लागते, ठिपके तिच्याबरोबर खोल ओढले जातात आणि लांबत जातात. त्याच पाकळ्या! रंगवायचं काहीच नसतं. घाईने तापवलं तर ठिपके वरच पसरून डाग होतात. माझी पहिली चार फुलं अशीच गेली. जमलं, की कांडीच्या बाजूने आत पाहायचं. गोल काच भिंगाचं काम करते, त्यामुळे मागच्या पृष्ठाजवळचं चित्र दुपटीहून मोठं दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी टॉर्च बंद करून नुसता बघत बसलो होतो.

मग फुलाच्या बाजूला दुसरी कांडी हलकेच चिकटवायची आणि मूळ कांडी ज्योतीने तोडून समोरची बाजू गोल करायची. नवी कांडी फार तापवून लावली तर पुढे सुटत नाही, कमी तापवली तर गोटी ऐन वेळी खाली पडते. शेवटी तीही तुटते आणि खूण राहते. जर्मनीतल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकात रंगीत पट्ट्यांच्या कांडीवरून वाटीदार कात्रीने गोट्या कापत. त्या गोट्यांवरही अशी खूण असते आणि जुन्या गोट्या जमवणारे लोक ती मुद्दाम शोधतात. मी माझी खूण लहान ज्योतीने बुजवतो, तरी बोटाला ती लागतेच.

आता त्या दोन तुकड्यांकडे येतो. गोटी ज्योतीबाहेर आली की तिचं वरचं कवच आधी गार होऊन घट्ट होतं. गाभा मागाहून आकसू लागतो, पण कवच त्याला पुरतं आकसू देत नाही. ती ओढाताण काचेत साठून राहते आणि एखादा बारीकसा दोष सापडला की तिथून काच तडकते. लोकरीने गार होणं लांबलं, पण पुरेसं नाही. दुसरी गोटी वेगळ्याच कारणाने गेली. तिच्यात मी ‘मऊ’ म्हणतात त्या, कमी उष्णतेला वितळणाऱ्या काचेची लाल कांडी वापरली होती. त्या काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा, १०४ आणि बोरोसिलिकेटचा ३३, म्हणजे गार होताना लाल काच तिपटीहून जास्त आकसणार. कांड्यांवर हे आकडे का लिहिलेले असतात, ते तेव्हा समजलं.

तेव्हापासून गोटी ज्योतीतून थेट भट्टीत जाते. ५६५ अंश सेल्सिअसला तासभर मुक्काम, म्हणजे आतबाहेरचं तापमान एक होतं आणि ओढाताण सैलावते. मग तिथून अगदी सावकाश उतरण, निदान ५०० च्या खाली जाईपर्यंत तरी. रात्री भट्टीचं दार उघडून बघायचा मोह फार होतो. मी उघडत नाही.

भट्टीतून निघालेली पहिली गोटी ताईंनी दोन पोलरायझर फिल्मच्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यांच्या मध्ये धरायला सांगितली. फिल्म एकमेकींना आडव्या लावल्या की प्रकाश अडतो, पण काचेत ताण असेल तिथे उजळ पट्टे दिसतात. आधी मी फुटक्या गोटीचा मोठा तुकडा धरला. फुटल्यावरही त्यात पांढरे पट्टे चमकत होते. मग नवी गोटी धरली. कडेचा बारीकसा उजेड सोडला तर ती पूर्ण काळी होती. फूलही त्या अंधारात दिसेनासं झालं. वरची फिल्म बाजूला केली, तर आठही पाकळ्या जागेवर होत्या.