आमची वाटचाल : टाकीच्या झाकणापासून जेटपर्यंत

आमच्याकडे टायर नाही, ऑइल बदलणं नाही, वॉशिंग नाही. मोटरसायकलच्या टाकीचं झाकण ते इंजिनचा इनलेट, या दोघांच्या मधे जे जे येतं तेवढंच काम आम्ही करतो आणि पहिल्यापासून तेवढंच करत आलोय. सुरू केलं तेव्हा लोक म्हणायचे नुसत्या कार्बोरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर, दुकान चालतं का. चाललं. आणि ज्यांनी मधल्या काळात आमच्याबद्दल नाही नाही ते पसरवलं त्यांच्याकडून बिघडलेल्या गाड्या आजही आमच्याच टेबलावर येतात, हे लिहून ठेवलंच पाहिजे म्हणून लिहितोय.

सुरुवात मी आणि माझा मावसभाऊ अशी दोघांची. तो माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. दादा लेथवाला माणूस, मी गाड्या खोलणारा. गाडी खोलणारे खूप असतात हो, पण मोजणारा माणूस सोबत असणं ही वेगळीच गोष्ट. दादाचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, "जेट साफ आहे असं सांगू नकोस, त्याचं भोक किती आहे ते सांग." जेट म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल मोजून जातं तो तुकडा, म्हणून आमच्याकडे पान्यांच्या आधी पिन गेजचा, म्हणजे ठरावीक जाडीच्या पिनांचा, सेट आला. एकेक पिन जेटमधे घालून बघायची, कुठली जाते आणि कुठली अडते. आता कोणी म्हणेल जेटवर नंबर असतो की. असतो, पण केहिनच्या जेटवरचा नंबर भोकाच्या व्यासावरून असतो आणि मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून, त्यामुळे 100 नंबर काढून दुसऱ्या कंपनीचा 100 नंबर टाकला म्हणजे काम झालं असं होत नाही. आणि आधी कोणी त्यात तार घातली असेल तर नंबर काहीही असो, त्याचा भरवसा संपला. 1 मिलिमीटरचं भोक 1.05 झालं तर डोळ्याला कळत नाही, पण क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं अ‍ॅव्हरेज कुठे गेलं.

दादाने बनवलेली दुसरी वस्तू म्हणजे आमचा स्टँड. वर एक छोटी टाकी, गाडीची टाकी असते साधारण त्याच उंचीवर टांगलेली, खाली कॉक, पाइप, आणि कार्ब गाडीवर बसतो तसा सरळ बसवायची क्लॅम्प. फ्लोट बोल म्हणजे कार्बखालची पेट्रोलची वाटी, तिच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती नळी बाजूने वर उभी धरायची. पेट्रोल सोडलं की नळीत जिथे थांबेल तीच बोलमधली खरी लेव्हल. ओव्हरफ्लो होतोय का, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट अडकतोय का, तो वर ढकलतो ती पेट्रोल बंद करणारी नीडल बसतेय का, सगळं गाडीवर चढवायच्या आधी दिसतं. बाहेर लोक फ्लोट कानाशी हलवून बघतात आणि ठीक आहे म्हणतात. लेव्हल वर असली तर गाडी सगळ्याच रेसवर थोडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, चालते, खाली असली तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, आणि मग माणूस बिचारा जेट बदलत बसतो.

आणखी एक, स्क्रू ड्रायव्हर. जपानी कार्बवरचे स्क्रू फिलिप्स नसतात, जेआयएस, म्हणजे जपानी मापाचे असतात, दिसायला सारखेच. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की घसरतं आणि डोकं खाऊन टाकतं. बोलचे चारही स्क्रू चेपलेला कार्ब आला की मला आधी गाडी कुठून आली ते कळतं, गिऱ्हाईकाने सांगायच्या आधी. आमच्या पोरांना पहिल्या आठवड्यात कार्बला हात लावू देत नाही, फक्त भंगार बोल खोलणं आणि लावणं.

आता ज्यांच्याबद्दल बोलायचं ते. नाव घेणार नाही. आमच्या नंतर सुरू झालेलं गॅरेज, मोठा बोर्ड, पटापट काम. त्यांची पद्धत अशी की गाडी मिसिंग करतेय, कार्ब गेला, नवीन टाका. नवीन म्हणजे डुप्लिकेट. आता कार्बमधे जाण्यासारखं असतं काय? पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग घेतला की तिथला दाब पडतो, आणि खाली बोलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब आहेच, तो पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. म्हणजे पेट्रोल ओढलं जात नाही, ढकललं जातं. एवढं डोक्यात बसलं की अर्धे फॉल्ट आपोआप सापडतात. बोलची व्हेंट नळी दुमडली की वरून दाब नाही, मग जेट कितीही साफ असू दे, पेट्रोल चढणार नाही. इनलेटच्या रबराला चीर गेली की हवा गळ्यातून न येता मागून शिरते, आयडलिंग वर खाली होतं, आणि दोष कार्बला.

आमचे पार्सलवाले काका. त्यांच्याशिवाय ही वाटचाल लिहिताच येणार नाही. त्यांच्या पार्सलच्या बऱ्याच गाड्या, त्यातल्या काही रोज घाट चढणाऱ्या. त्यांची एक गाडी त्या गॅरेजात दोनदा कार्ब बदलून आली होती. तक्रार काय, तर गाडी स्टार्ट होते, छान चालते, काही अंतर गेलं की गुदमरून बंद पडते, थोडा वेळ थांबलं की परत चालू. तिसरा कार्ब घ्यायच्या आधी काका कोणाचं तरी ऐकून आमच्याकडे आले. मी कार्बला हातसुद्धा लावला नाही. गाडी बंद पडेपर्यंत चालवली, आणि पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. झाकणाच्या व्हेंटचं भोक धुळीने बुजलेलं, पेट्रोल खाली जाईल तशी त्याची जागा घ्यायला हवा आत येत नव्हती, टाकीत व्हॅक्युम झाला की पेट्रोल उतरायचं थांबतं. भोक साफ केलं, काम संपलं. काकांनी दोन्ही काढलेले कार्ब मला दाखवले, त्यातला कंपनीचा मूळचा कार्ब अगदी चांगला होता, तोच परत बसवला आणि तो अजून चालतोय. त्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे.

इथे एक सांगतो, मेकॅनिककडे जायच्या आधी स्वतः बघा. गाडी बंद पडली तर टाकीचं झाकण एकदा उघडून परत लावा आणि मग चालवून बघा. मग कॉकची नळी काढून पेट्रोल सलग पडतंय का थेंब थेंब येतंय ते बघा, पण भांडं खाली धरून आणि इंजिन थंड असताना, आणि व्हॅक्युमवाला कॉक असेल तर इंजिन फिरल्याशिवाय ऑनवर तो पेट्रोल सोडतच नाही हे लक्षात ठेवून. रिझर्व्हवर चालते आणि ऑनवर नाही तर टाकीत पेट्रोल कमी आहे नाहीतर ऑनची उंच नळी बुजली आहे, एवढाच अर्थ.

मग ते वर्ष आलं. आम्ही ज्यांच्याकडून रिपेअर किट घ्यायचो त्यांनी न सांगता फ्लोट नीडलच्या टोकाचं रबर बदललं. पाकीट तेच, रंगही तोच. आधीचं टोक व्हिटॉनचं, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं होतं, हे साधं होतं. आणि पेट्रोलमधे इथेनॉल वाढलेलं. आम्ही स्टँडवर लेव्हल बघून, रात्रभर ठेवून गाड्या दिल्या आणि महिन्या दीड महिन्यात एकामागून एक परत, ओव्हरफ्लो. खाली पेट्रोलचं थारोळं. एका गाडीचं पेट्रोल रात्रभर सिलेंडरमधून क्रँककेसमधे उतरून ऑइल पातळ झालेलं. त्या गॅरेजवाल्याने यावर काय केलं, तर आमच्या गिऱ्हाईकांना थांबवून थांबवून सांगायला लागला की यांच्याकडे कार्ब दिला तर गाडी पेटेल. पेटेल! एकही गाडी पेटली नव्हती. पण हा शब्द असा आहे की एकदा कानात गेला की निघत नाही. टेबल रिकामं पडलं. पोरांना पगार द्यायचा म्हणून दादाने त्याचं छोटं लेथ विकलं, हे मी कधी विसरणार नाही आणि त्या माणसालाही विसरू देणार नाही.

स्टँडवर फॉल्ट का दिसला नाही याच विचारात आम्ही अडकलेलो. दादाने शेवटी नवीन किटमधल्या आणि जुन्या शिल्लक किटमधल्या नीडल वेगवेगळ्या बरण्यांत टाकल्या, पंपावरच्या पेट्रोलमधे, आणि रोज व्हर्नियरने मोजायला लागला. जुन्या तशाच. नवीन फुगत गेल्या, टोक मऊ पडलं, नखाने दाबलं की वण राहायचा. फुगलेलं टोक सीटवर नीट बसत नाही, फ्लोट कितीही वर ढकलू दे. स्टँडवर एका रात्रीत हे दिसणं शक्यच नव्हतं, त्याला आठवडे लागतात. आम्ही त्या बरण्या काउंटरवर ठेवल्या, मापं कागदावर लिहून शेजारी लावली, आणि दिलेली प्रत्येक गाडी परत बोलावून नीडल फुकट बदलली. सप्लायरने फोन उचलणं बंद केलं, एक रुपया परत दिला नाही. आणि काकांनी काय केलं, त्याच आठवड्यात त्यांच्या सगळ्या गाड्या एकदम पाठवल्या, गरज नसताना, नुसत्या चेक करायला. दुकानासमोर ती रांग लोकांनी बघितली. दुसरं काही बोलायची गरजच पडली नाही.

काकांच्या घाटाच्या गाड्यांवर मी जेवढं शिकलो तेवढं कुठेच नाही. वर गेलं की हवा विरळ होते, पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच येत राहतं, म्हणजे मिक्श्चर रिच. प्लग काळा, पिकअप जड. वजनाने बघितलं तर शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला 1 भागाला हवा 14.7 भाग लागते, पूर्ण ताकदीला साधारण साडेबारा तेरा, हा हिशोब वर चढलं की बिघडतो. तेव्हा रेस दिली की वर उचलली जाते त्या स्लाइडमधल्या लांब नीडलची, फ्लोटच्या नव्हे, क्लिप एक खाच वर, म्हणजे नीडल खाली, आणि मेन जेट एक नंबर बारीक. खूप जण हे उलटं करतात, क्लिप खाली केली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं, नीट लक्षात ठेवा.

आणि जेट बदलायच्या आधी गाडी कुठे अडखळतेय ते शोधा की. रेसच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. आयडल ते एक अष्टमांश पायलट जेट, तिथून पावपर्यंत स्लाइडचा कट, पाव ते पाऊण नीडल, पुढे मेन जेट. अर्ध्या रेसला अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काय मिळणार? एअर स्क्रूचंही तसंच, स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत फिरवला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, आत फिरवला की लीन. स्क्रू कुठे आहे ते न बघता फिरवणारे लोक दुकानं चालवतात. व्हॅक्युमवाल्या कार्बचा डायफ्राम, म्हणजे पातळ रबरी पडदा, फाटला की स्लाइड उचलत नाही आणि गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही, तो लाइटसमोर ताणून बघायचा, सुईएवढं भोकसुद्धा दिसतं.

पुढची वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फ्युएल इंजेक्शन आल्यावर तोच गॅरेजवाला म्हणायला लागला की आता कार्बवाले संपले. आम्ही संपलो नाही. इंजेक्शनमधेही टाकी आहे, पंप आहे, फिल्टर आहे, फक्त पेट्रोल उंचीवरून उतरायच्या ऐवजी पंप साधारण 3 बारने ढकलतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. दाब मोजायचा गेज आणला, इंजेक्टरचा स्प्रे बघायचा बेंच दादाने बनवला, त्याच जुन्या स्टँडच्या शेजारी. स्कॅनर लावून कोड वाचणारे भरपूर झालेत, पण पंपाचा दाब प्रत्यक्ष किती आहे हे बघणारे कमीच. परवा एक गाडी आली, सेन्सर बदला म्हणून सांगितलेली, दाब निम्माच येत होता, टाकीतल्या फिल्टरला गंज भरलेला.

कार्बची कामं तर अजून रोज येतात, जास्त करून उभ्या राहिलेल्या गाड्यांची. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून बोलचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काढून टाका. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, बोलमधलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो तो पहिल्यांदा तिथेच बसतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते खाली साचलं की बोलमधे पांढरी पावडर धरते आणि पितळ हिरवं पडतं. असा कार्ब आणायचा असेल तर जसा आहे तसा आणा, घरी तार घालू नका, आणि येताना एअर फिल्टर आणि टाकीचं झाकण पण घेऊन या.