एका तारखेचा माग

गेल्या डिसेंबरात आमच्या वसाहतीतील तरुण मंडळाने सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतीच्या हुतात्मा दिनासाठी माहितीफलक करायचे ठरवले आणि मजकुराचे काम, बहुधा मी निवृत्त लेखनिक असल्यामुळे, माझ्याकडे आले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही इंग्रज सरकारने फाशी दिलेल्या चौघांची नावे सोलापूरकराला चार हुतात्मा चौकातून येता-जाता पाठ होतात, त्यामुळे तासाभरात काम उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले.

मंडळातील एका मुलाने व्हॉट्सॲपवर आलेला तयार मजकूर मला पाठवला होता. त्यात फाशीची तारीख १२ जानेवारी १९३० अशी होती. गांधीजींना अटक झाली मे १९३० मध्ये आणि सोलापूर पेटले त्यानंतर; मग ज्या घटनेबद्दल फाशी झाली, तिच्या आधी चार महिने ती कशी होईल? मी हे बोलून दाखवल्यावर मुलगा म्हणाला, "काका, पण नेटवर सगळीकडे हेच आहे." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शोध घेतला तेव्हा तेच वर्ष मला सात ठिकाणी सापडले.

इथे मी थोडा डगमगलो, हे मान्य करतो. सात जण एकच गोष्ट सांगत असतील तर आपलीच स्मृती दगा देत असावी, असे वाटू लागले. मग सातही मजकूर छापून घेतले आणि कार्यालयात मसुदे ताडून पाहायचो तसे पट्टी ठेवून ओळीने वाचले. सातही ठिकाणी धनशेट्टी यांच्या आडनावातील जोडाक्षर सुटलेले होते आणि एक वाक्य क्रियापदाशिवाय मध्येच तुटलेले होते. चुकासुद्धा तंतोतंत जुळत असतील तर साक्षीदार सात नसून एकच आहे, बाकीच्यांनी त्याची नक्कल उतरवली आहे. पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या एका विणकर मित्राकडे हाच संदेश तेलुगूत आला होता. त्याने तो मला वाचून दाखवला आणि १९३० हे वर्ष त्यातही जसेच्या तसे होते. चूक भाषांतरातूनही सुखरूप पलीकडे गेली होती.

मुलांच्या आग्रहाखातर चॅटबॉटलाही विचारले. त्याने उत्तर ठामपणे दिले आणि आधार म्हणून एका पुस्तकाचे नाव सांगितले. ते पुस्तक हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळाले नाही. पुन्हा विचारल्यावर त्याने क्षमा मागून दुसरेच नाव पुढे केले. त्यानंतर मी तो नाद सोडला.

विकिपीडियाचा उपयोग मात्र झाला, परंतु लेखापेक्षा त्याच्या 'इतिहास पहा' या पानाचा. कोणते वाक्य कधी आले आणि त्याला संदर्भ जोडला आहे की नाही, हे तिथे दिसते. बिनसंदर्भाची वाक्ये मी बाजूला ठेवली.

मूळ कागद शोधताना सर्वांत मोठी अडचण एका अक्षराची निघाली. इंग्रजी राजवटीत आपल्या शहराचे नाव 'शोलापूर' असे लिहीत, आणि १९३० चा मार्शल लॉचा (लष्करी कायद्याचा) वटहुकूमही त्याच नावाने निघाला होता. जुने स्पेलिंग टाकताच इंटरनेट अर्काइव्हवर कागदांची रांग लागली. तिथे १८८४ चा जिल्हा गॅझेटिअर पाहून मला आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला. ग्रंथ सरकारी आणि भारदस्त असला तरी १९३० बद्दल तो काय सांगणार? राज्य शासनाने १९७७ मध्ये काढलेली सुधारित आवृत्ती आणि वाचनालयातील स्थानिक इतिहासाची पुस्तके शेजारी ठेवल्यावर तारीख पक्की झाली: १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग.

दिवसांचा प्रश्न अधिक नाजूक होता. मे १९३० मध्ये इंग्रजांचा अंमल उठून सोलापूर स्वतंत्र होते ते तीन दिवस की चार, यावर चांगल्या लेखकांतही मतभेद दिसतो. ९, १० आणि ११ मे या दिवसांबद्दल वाद नाही; लष्करी कायदा १२ मे रोजी लागू झाला, आणि तो दिवसही जे मोजतात त्यांचे चार होतात, असा मी अर्थ लावला. इथे कोणी खोटे बोलत नव्हते, मोजण्याची रीत वेगळी होती. म्हणून फलकावर आकडा न घालता मी तारखाच लिहिल्या. मंडळाच्या अध्यक्षांना हे मुळीच रुचले नाही. "चार दिवस" वाचायला भारी वाटते, असे त्यांचे म्हणणे होते.

राहिले संदेशासोबतचे छायाचित्र. सोलापूरची गर्दी म्हणून फिरणारे ते चित्र गूगल लेन्सवर टाकले, तेव्हा ते मुंबईतील मिठाच्या सत्याग्रहाचे म्हणून एका जुन्या संग्रहात आढळले. संग्रहाची नोंद बरोबरच असेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो, पण सोलापूरचा पुरावा तर कुठेच नव्हता, म्हणून ते वगळले. त्या जागी मंडळातील त्याच मुलाने मोबाइलवर काढलेले चौकातील पुतळ्यांचे छायाचित्र लावले आणि खाली ते काढल्याची तारीख घातली.