खाता की सोडता?

रविवारी दुपारी एका हातात रॉडची पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली घेऊन मी जिना चढत असतो, तेव्हा कोणी ना कोणी भेटतंच. आधी बादलीकडे पाहतात, मग माझ्याकडे. "काय हो, खाता की सोडून देता?" सोमवारी ऑफिसात डबा उघडला की हाच प्रश्न. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला माझा नाद कळला की त्याचाही हाच. खातो म्हणालो तर "आपल्या तलावातले? कसे काय बा खाता!" आणि सोडतो म्हणालो तर "मग उन्हातान्हात बसता काहून?" दोन्हीकडून येडा मीच. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी जिन्यात उभ्या उभ्या न सांगता बसून सांगतो.

खातोही आणि सोडतोही. पाणी कोणतं होतं आणि त्या माशाला वाढवलं कोणी, यावर ते ठरतं.

आधी पाण्याचं. मी गळ टाकायला शिकलो नागपूरच्या फुटाळा तलावावर. चौपाटी वगैरे तेव्हा नव्हती. बांबूची काडी, तंगुसाचा दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि काडेपेटीत गांडुळं, एवढ्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. बोटभर मासे मिळायचे, आई ते हळद-मीठ लावून तळायची आणि आम्ही काट्यासकट खायचो. आज मात्र शहरातल्या एकाही तलावातला मासा मी तोंडात घालत नाही. अंबाझरी 1870 साली बांधला तो शहराला पाणी पाजायला. आता त्यात वरच्या वस्त्यांचं सांडपाणी उतरतं आणि त्या खतावर जलपर्णी माजते. गांधीसागर, ज्याला जुनी माणसं अजून जुम्मा तलाव म्हणतात, त्याची तर चारही बाजूंनी वस्तीने कोंडी केली आहे. गोरेवाड्याचं पाणी आपल्या नळाला येतं, तिथे गळ काढायचाच नाही.

शहरातल्या तलावावर एक सकाळ पाहिली होती, ती सांगतो. मे महिना, आदल्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलेलं, दिवसभर ऊन नाही. पहाटे साडेपाचला काठावर गेलो तर पाण्यावर शेकडो तोंडं. रोहू, कटला, सगळे वर आलेले, तोंडाचा चंबू करून नुसते उघडझाप करत होते. फिरायला आलेली मंडळी मोबाइल काढून उभी, "पाहा, पाहा, काय मासे हायेत!" एकाने तर पोळीचे तुकडे टाकायला सुरुवात केली. त्या माशांना भूक नव्हती, त्यांचा श्वास कोंडला होता.

होतं असं, की सांडपाण्याच्या खताने पाण्यात हिरवं शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. तळाशी मैला कुजतो, तोही ओढतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आपल्याकडचा मे म्हणजे सांगायलाच नको. आदल्या दिवशी ऊन पडलं नसेल तर रात्रीसाठी शिल्लकच राहत नाही. म्हणून सूर्य उगवायच्या आधीचा तास सर्वांत वाईट. मोठे मासे आधी मरतात, त्यांना हवा जास्त लागते. दोन दिवसांनी काठावर वास सुटतो आणि लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकलं. कधी टाकतही असतील, पण बहुतेक वेळा विषाची गरजच पडत नाही.

त्या सकाळी त्या सगळ्या तोंडांमध्ये एक मासा नव्हता. मरळ. तिच्याकडे आपण येऊच.

बायकोची कसोटी माझ्यापेक्षा सोपी आहे. ती मासा नाकाशी धरते. गोड्या पाण्यातल्या माशाला जो चिखलाचा वास येतो, तो चिखलाचा नसतोच. निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या मांसात उतरतो. गंमत म्हणजे पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातही हाच पदार्थ असतो. मातीत आला की आपण खिडकी उघडतो, ताटात आला की नाक मुरडतो. आंबटाने तो मोडतो, म्हणून आमच्याकडे तुकड्यांना आधी चिंचेचा कोळ आणि मीठ लावून अर्धा तास ठेवतात, ते पाणी फेकतात आणि मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस आणि वरून भरपूर सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवालं नाही.) पण वास फारच असला तर ती मासा परत बादलीत टाकते आणि म्हणते, "जिथून आणला तिथे नेऊन द्या." तो काही आता पोहणार नसतो, पण मुद्दा पोचतो.

आता मालकाचं. लोकांना वाटतं की तलावातला मासा म्हणजे झाडावरचं बोर, दिसलं की तोडायचं. मलाही तिशीपर्यंत असंच वाटायचं. उमरेड रोडच्या आत एका गावच्या तलावावर मी आणि एक मित्र दर आठवड्याला जायचो. कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची ढेप (म्हणजे पेंड) मळून गोळे करायचे, लाडवाएवढा गोळा पाण्यात फेकून मासे जमवायचे आणि त्यातच गळ टाकायचा. रोहूने आमिष घेतलं की तरंगा हळूच आडवा होतो, मग सरळ खाली जातो. तिलापिया नुसते टुकटुक धक्के देतो. एका सकाळी आम्ही दोन-दोन किलोचे तीन रोहू काढले आणि फोटो काढत उभे होतो. मागे एक म्हातारे धिवर, म्हणजे मच्छीमार, काका येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "चांगले मोठे झाले न बाबू? मागच्या सालच्या श्रावणात टाकले होते आम्ही."

टाकले होते! तोवर मला माहीतच नव्हतं की रोहू, कटला, मृगळ हे आपल्या तलावांत स्वतःहून पैदा होत नाहीत. ते नदीचे मासे. मादीच्या पोटात लाखो अंडी तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ती घालत नाही, तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले, तेव्हापासून बीज, म्हणजे सोडायला पिल्लं, मिळणं सोपं झालं. त्याआधी ते पुराच्या नद्यांतून गोळा करावं लागायचं. देशभर 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो, तो याच कामाच्या आठवणीत. तर गावातली मच्छीमार सहकारी संस्था तलावाचा ठेका घेते, पैसे भरते, पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणून सोडते, वर्षभर राखण करते. आणि आम्ही दोन शहरी पोरं शनिवारी संध्याकाळी ढेप मळून त्यांच्या शेतात कापणीला जात होतो.

काकांना मी पैसे देऊ केले. त्यांनी संस्थेच्या माणसाला बोलावलं, त्याने ताण-काट्यावर मासे तोलले आणि बाजारभावाने पैसे घेतले. पावती फाडली, ती मी बरेच वर्ष पाकिटात ठेवली होती. तेव्हापासून हाच नेम: गावच्या तलावावर आधी विचारायचं, नको म्हणाले तर परत फिरायचं, हो म्हणाले तर लहान मासे सोडायचे आणि जो घरी न्यायचा तो तोलून विकत घ्यायचा. मित्र म्हणाला, पेट्रोल जाळून, उन्हात बसून, वर पैसे देऊन खायचा तर भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात काय वाईट आहे? त्याने रॉड विकून टाकला. त्याचंही चूक नाही.

या तलावांना आपल्याकडे मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांचे. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत, त्यांतले कितीतरी भंडारा-गोंदियाकडच्या कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव मात्र मामा राहिलं. मासा पकडायचा हक्क हा तिथे फार जुना आणि फार नाजूक विषय आहे, रविवारच्या पाहुण्याने त्यात पाय टाकताना पाहून टाकावा. पेंच राष्ट्रीय उद्यानाकडे तर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं: उद्यानातून उठवलेल्या 305 कुटुंबांना तोतलाडोह धरणाच्या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले होते, त्यावर 1997 साली निकाल झाला. आज तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे गळ टाकता येतो का, असं मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नाही. आणि तिथे आपणच कोणाचं तरी आमिष असतो.

मग बिनमालकाचा मासा कोणता? मरळ, वाम, शिंगाळा, छोटे काटेरी गावरान मासे. यांचं बीज कोणी आणून टाकत नाही, ते आपले आपण असतात. आणि पकडलेले मासे मी इथेच सर्वांत जास्त परत सोडतो.

त्याला कारण तेच धिवर काका. ओळख झाल्यावर दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मी बेडकी लावून कडेच्या गवतात गळ टाकला आणि दीड किलोची मरळ काढली. मरळ म्हणजे काय ताकद! काळपट, सापासारखं डोकं, गवतात घुसली की तंगूस तुटलाच म्हणून समजा. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली आणि तासभर मिरवत बसलो. काका आले, पोतं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "कुठून काढली? दाखवा न."

जागेवर नेलं. त्यांनी बोट दाखवलं तिथे पाण्यावर पत्रावळीएवढा लालसर डाग होता. नीट पाहिलं तर तो हलत होता. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, काडेपेटीच्या काडीहून बारीक, नारिंगी-लाल. घोळक्याने वर येऊन हवा घेत होती, आणि घेऊन खाली गेली की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. मरळ पाण्याबरोबर हवेतही श्वास घेते, म्हणून त्या गुदमरणाऱ्या सकाळी तिला चंबू करून तरंगावं लागलं नव्हतं. पिल्लं हवेला वर आली की उघडी पडतात, म्हणून आई-बाप दोघे खालून पहारा देतात. जवळ काही हललं की ते भूक नसतानाही तुटून पडतात. माझी बेडकी तिने खायला घेतलीच नव्हती. घराजवळ आलेल्या चोराला चावली होती.

आम्ही पाहत असतानाच घोळक्याच्या कडेला पाणी फुटलं. कुठलातरी मासा येऊन पिल्लं टिपून गेला. पुन्हा फुटलं. लाल डाग फाटल्यासारखा झाला. काका एवढंच म्हणाले, "एकटा बाप किती पाहीन?"

मी धावत जाऊन पोतं आणलं. मरळ जिवंत होती, ओल्या पोत्यात तासभर म्हणजे तिला काहीच नाही. दोन्ही हात पाण्यात भिजवून तिला धरली, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते, हेही काकांनीच सांगितलेलं. गवताजवळ सोडली. क्षणभर तिथेच थांबली, शेपटी हलवली आणि खाली गेली. ती घोळक्याकडे परत गेली की तोंडाच्या जखमेने कुठे जाऊन पडली, मला दिसलं नाही. त्यानंतर मी गळांचे उलटे काटे पक्कडने दाबून टाकले. मासे जास्त सुटतात, सुटू देत.

पावसाळ्यात आता मी जवळजवळ जातच नाही. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की प्रवाहाविरुद्ध चढणीचे मासे येतात, पोटात अंडी भरलेले, आणि लोक गोणपाटाने भरून नेतात. चव असते त्यांना, खोटं कशाला बोलू. पण ते पाहून मला काकांचा तो प्रश्न ऐकू येतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे मच्छीमार लोक तलावातली बेशरमाची झुडपं उपटून पाणवनस्पती लावून राहिले आहेत, गावरान मासे परत यावेत म्हणून. कोणी चिखलात उतरून घर बांधत असताना मी तिथे बेडकी घेऊन जाणं बरं दिसत नाही.

तिलापिया मात्र मी कधीच परत सोडत नाही. तो आफ्रिकेचा पाहुणा, 1952 साली आणला, पिल्लं तोंडात ठेवून वाढवतो आणि तलावच्या तलाव भरून टाकतो. त्याच्याबाबतीत मला ना पाप लागत ना पावती. काटे कमी, तव्यावर रवा लावून झकास लागतो.

मागच्या रविवारचा हिशेब विचाराल, तर सकाळी सहा ते अकरा बसलो. पाच तिलापिया, घरी आणले, खाल्ले. एक रोहू सव्वा किलोचा, तोलून घेतला, पैसे दिले, बायकोने नाकाशी धरला आणि पास केला. दोन मृगळ, वीतभर, सोडले. शेवटी तरंगा हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, मला वाटलं मोठं काहीतरी आहे. ओढलं तर बशीएवढं मऊ पाठीचं कासव, मान लांब करून माझ्याकडे बघत होतं. कासव पकडणं गुन्हा आहे, आणि नसतं तरी त्याच्या त्या नजरेपुढे काही चाललं नसतं. पक्कडने गळ सोडवला. गळाच्या टोकाला थोडी ढेप उरली होती, ती पाण्यात टाकली. त्याने ती खाल्ली आणि मगच गेलं.