पहाटे तीनला लॅबमध्ये कोण असतं?

आमच्या कॉलेजात चार लॅब, ८४ मशीन आणि सिस्टीम अ‍ॅडमिन मी एकटी. पूर्वी विंडोज अपडेटची सेटिंग बघायची म्हणजे वही घेऊन प्रत्येक मशीनपुढे बसायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत जाईस्तोवर पहिल्या लॅबचा कंटाळा आलेला असायचा.

मागच्या आठवड्यात एचओडी सरांनी विचारलं, "अपडेट सगळीकडे चालू आहेत ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हटलं आणि जागेवर येऊन पॉवरशेल, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडलं. मशीनच्या नावांची टेक्स्ट फाइल तयार होतीच. दूरच्या मशीनवर आज्ञा चालवणाऱ्या इन्व्होक-कमांडने प्रत्येकाच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग साठवतं तिथून, नोऑटोअपडेट, एयूऑप्शन्स आणि इन्स्टॉलची वेळ अशा तीन व्हॅल्यू मागवल्या.

७१ मशीनांनी उत्तर दिलं. ६६ ठिकाणी एयूऑप्शन्स ४, म्हणजे आपोआप उतरवा आणि ठरल्या वेळी बसवा. तीन ठिकाणी रकाना रिकामा. रिकामा म्हणजे बंद नव्हे, तिथे आपली ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनना एकाच जागेवरून जाणारी सेटिंग, पोचलेली नाही एवढंच. आणि दोन ठिकाणी नोऑटोअपडेट १, म्हणजे चक्क बंद. ही दोन कोणाची करणी? माझीच! ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या दिवशी हाताने बंद केलेली. ग्रुप पॉलिसी दर ९० मिनिटांनी फिरते, ती पुसून टाकेल असं गृहीत धरलं होतं. पण मूळ पॉलिसी बदललेली नसेल तर ती हाताने केलेल्या बदलाला हात लावत नाही, पॉलिसी पुन्हा लावणारी जीपीअपडेट ही आज्ञा 'फोर्स' जोडून चालवावी लागते.

बाकीची १३ गप्प. ती मशीनच बंद होती. ती नंतर.

तरी ६६ बरोबर आहेत म्हणून खूश होते. सहज गेट-हॉटफिक्स या आज्ञेने शेवटचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, कधी बसला ती तारीख शेजारच्या रकान्यात आणली आणि हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या लॅबमध्ये शेवटचा पॅच पाच महिन्यांपूर्वीचा! सेटिंग पाहिली तर अगदी शहाण्या मुलासारखी. ४. रोज. वेळ ३.

तीन म्हणजे पहाटेचे तीन.

आमचे मामा संध्याकाळी साडेपाचला लॅबचा मेन स्विच पाडतात, मशीन चालू असो की बंद. वीज वाचवायची म्हणून, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सकाळी राहिलेलं काम सुरू व्हायचं, तर प्रॅक्टिकलची बॅच येऊन बसलेली. रिस्टार्टची पाटी आली की मुलं "नंतर" दाबणार, आणि साडेपाचला पुन्हा मामा.

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी बसवला नव्हता ते सापडले. त्यांच्यातही "आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे" म्हणणारे असणारच, मीही तेच म्हणत होते.

पॉलिसीत ३ चे १३ केले. दुपारी एकला जेवणाची सुट्टी, लॅब मोकळी. दुसऱ्या दिवशी एकला डबा घेऊन तिथेच जाऊन बसले. अर्ध्या स्क्रीनवर टक्के सरकत होते. दारातून मामांनी डोकावलं.

"मॅडम, पोरं जेवायला गेलीत. करू का बंद?"